‘फी नॉन-रिफंडेबल आहे’ : कर्ज एजंटांच्या फी-परतीचा परखड रिव्ह्यू

कर्ज मिळवून देणाऱ्या कन्सल्टंटची सेवा घेताना सगळं गोड असतं. फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, कागद न्यायला माणूस दारात येतो, ‘काम झालंच समजा सर’ असं दर दोन वाक्यांनी ऐकू येतं. सेवेची खरी प्रत कळते ती ‘मला कर्ज नको, फाइल बंद करा आणि फी परत द्या’ म्हटल्यावर. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका फर्मचा नाही. भारतात आगाऊ फी घेऊन कर्ज जुळवून देणाऱ्या एकूण सेवेचा, आणि त्यातही फक्त रद्द केल्यानंतरच्या टप्प्याचा आहे. पैसे परत मागायला ज्या जागा आहेत, त्यांचंही मोजमाप यातच आहे.

गुण आधीच सांगून टाकतो: पाचपैकी दीड. तो दीडसुद्धा जीएसटी क्रमांकासह बिल देणाऱ्या आणि अटी लेखी देणाऱ्या मोजक्या लोकांमुळे. ब्रिटनमध्ये 1974च्या ग्राहक कर्ज कायद्यात सरळ तरतूद आहे, की दलालाने ओळख करून दिल्यापासून सहा महिन्यांत कर्जाचा करार झाला नाही, तर पाच पौंड सोडून बाकी फी परत करायची. आपल्याकडे इतकं सुटसुटीत कलम नाही. वेगवेगळ्या कायद्यांतले तुकडे जोडून दावा उभा करावा लागतो. तो उभा राहतो, पण कागद नीट लावले तरच.

पैसे नेमके कोणी घेतले?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं, आणि बहुतेक तक्रारी इथेच चुकीच्या दारात जातात.

समोरचा माणूस बँकेचा किंवा एनबीएफसीचा (बँक नसलेल्या कर्ज-कंपनीचा) डीएसए, म्हणजे त्यांनीच नेमलेला विक्री एजंट असेल, तर त्याचं कमिशन कर्ज देणारी संस्था देते. कर्जदाराकडून वेगळी ‘फाइल फी’ घेण्याचं त्याला कारणच नाही. बँका आपल्या डीएसएंची यादी वेबसाइटवर ठेवतात. त्यात फर्मचं नाव आणि शहर पाहून घ्या. नाव सापडलं तर तुमचं पारडं जड झालं. काम बाहेर दिलं तरी एजंटाच्या वागण्याची अंतिम जबाबदारी बँकेचीच राहते, ही रिझर्व्ह बँकेची जुनी भूमिका आहे.

अ‍ॅपवरून कर्ज जुळवणारी कंपनी असेल, तर नियम आणखी स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेने 2 सप्टेंबर 2022 रोजी डिजिटल कर्जांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मे 2025मध्ये एकत्रित निर्देशांत कायम ठेवली, त्यांनुसार अशा मध्यस्थाची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने भरायची असते. मध्यस्थाने ती ग्राहकाकडून थेट घ्यायची नसते. अ‍ॅपने ‘मेंबरशिप’, ‘प्रायॉरिटी प्रोसेसिंग’ असं काही नाव देऊन पैसे कापले असतील, तर परतीच्या मागणीत हा नियम पहिल्या परिच्छेदात टाका.

तिसरा प्रकार स्वतंत्र कन्सल्टंटचा. ना बँकेशी करार, ना रिझर्व्ह बँकेची नोंदणी. फी तुमच्याकडून घेणार आणि बँकेकडून मिळालं तर तेही घेणार. त्याच्यावर थेट नियामक नाही, त्यामुळे इथे भारतीय करार कायदा 1872 आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 एवढीच हत्यारं. सर्वात जास्त वाद याच गटात होतात आणि हा रिव्ह्यूही मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

चौथा प्रकार कन्सल्टंट नसतोच. तो आधी ‘रजिस्ट्रेशन’ घेतो, मग ‘विमा’, मग ‘टीडीएस’, मग ‘एनओसी’. मंजुरीपत्रावर बँकेचा लोगो असतो आणि पैसे मात्र कुणा व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर मागितले जातात. कर्ज मिळण्यासाठी कर्जदाराने आधी टीडीएस भरायचा, असा प्रकार अस्तित्वातच नाही. इथे परतीचे ईमेल लिहीत बसू नका. तात्काळ 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, त्यामुळे इथे तासांना किंमत आहे.

कुठली रक्कम परत येऊ शकते

पावतीवर एकच आकडा असला तरी त्यात वेगवेगळे पैसे मिसळलेले असतात. ते सोडवून घेतल्याशिवाय मागणी करू नका.

गृहकर्जात बँकेची किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीची लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करण्याची फी असते. काही ठिकाणी तिला आयएमडी (इनिशियल मनी डिपॉझिट) म्हणतात. ती कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावाने चेक किंवा ऑनलाइन जाते, आणि अर्जाची छाननी झाली असेल तर सहसा परत येत नाही. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) आणि घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरची भेट झाली असेल, तर तेही गेले. पण ‘झाली’ असं एजंटाने सांगणं पुरेसं नाही. रिपोर्टची प्रत किंवा निदान व्हॅल्युअरच्या भेटीची तारीख मागा. घराची बेल कुणी वाजवलीच नसेल, तर या भेटीचा ‘टेक्निकल चार्ज’ कशाचा?

उरते ती एजंटाची स्वतःची फी. ही दोन तऱ्हेने आकारली जाते. एक ठरावीक आगाऊ रक्कम, दुसरी कर्जाच्या टक्केवारीत ‘सक्सेस फी’. सक्सेस फीच्या कलमात एक शब्द शोधा: ती ‘मंजुरी’वर देय आहे की ‘वितरणा’वर? फरक मोठा आहे. मागणी चाळीस लाखांची असताना कुठल्या तरी संस्थेकडून बारा लाखांचं, चढ्या व्याजाचं मंजुरीपत्र आणायचं आणि ‘आमचं काम झालं, कर्ज तुम्ही घेतलं नाही’ म्हणायचं, ही या धंद्यातली नेहमीची चाल. सुरुवातीच्या मेसेजमध्ये मागितलेली रक्कम, व्याजदर आणि मुदत लिहिलेली असेल, तर ते मंजुरीपत्र करारातलं काम पूर्ण करत नाही असं ठामपणे म्हणता येतं.

आता ‘फी नॉन-रिफंडेबल आहे’ या शिक्क्याबद्दल. पावतीच्या तळाशी बारीक टायपात हे वाक्य छापलं म्हणजे विषय संपत नाही. करार मोडल्यावर किती कापायचं ते आधीच ठरवलेलं असलं, तरी करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. ठरलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. खोटं सांगून करार करायला लावला असेल, तर तो रद्द करण्याचा हक्क कलम 19 देतं, आणि रद्द केल्यावर घेतलेला लाभ परत करणं आलंच. ग्राहक कायद्याच्या कलम 2(47)मध्ये तर स्पष्ट आहे: सदोष सेवा बंद करून बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे.

मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. एजंटाने खरोखर काम केलं, फाइल नीट लावली, आणि तुमचं मन बदललं किंवा घराचा व्यवहारच फिसकटला, तर पूर्ण फी परत मिळण्याची शक्यता कमी. तिथे ‘झालेल्या कामाचे घ्या, उरलेले द्या’ ही मागणी टिकते. पूर्ण रकमेचा हट्ट धरला की वाटाघाट तुटते.

काम झालं की नाही, हे क्रेडिट रिपोर्ट सांगतो

‘तुमची फाइल चार बँकांत लॉगिन केली होती’, म्हणजे अर्ज दाखल केला होता, या वाक्यावर एजंट पैसे अडवतात. ते तपासायला त्याच्याकडे जायची गरज नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही ब्युरोंकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात शेवटी ‘एन्क्वायरी’ असा भाग असतो. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारच्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी तुमची माहिती पाहिली, ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं.

चारही ब्युरोंच्या रिपोर्टांत एकही एन्क्वायरी नसेल, तर ‘चार बँकांत लॉगिन’चा दावा जवळपास कोसळतो. जवळपास म्हणायचं कारण एवढंच, की काही अर्ज ब्युरोपर्यंत पोचण्याआधीच वयोमर्यादा, पिनकोड किंवा नोकरीच्या प्रकारावरून बाजूला पडतात. म्हणून एजंटाकडे प्रत्येक बँकेचा अर्ज क्रमांक मागा. अर्ज क्रमांक खोटा असेल तर शाखेत किंवा कस्टमर केअरवर तो लगेच उघडा पडतो. क्रमांक देता येत नाही, हेच अनेकदा उत्तर असतं.

उलट बाजूही पाहा. आठवडाभरात सहा-सात संस्थांच्या एन्क्वायऱ्या दिसत असतील, तर एजंटाने फाइल सरसकट फेकलेली आहे, आणि अशा गर्दीने स्कोअर घसरतो. त्याने निवडून बँक सुचवणं हीच सेवा होती. हा सेवेतला दोष झाला. आणि रद्द केल्याच्या तारखेनंतरची एन्क्वायरी सापडली, तर तुमच्या हाती सर्वात भक्कम पुरावा आहे. ती काढण्यासाठी ब्युरोकडे डिस्प्यूट, म्हणजे हरकत टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल 2024पासून लागू आहे.

फाइल रद्द करण्याच्या आदल्या दिवशी एकदा आणि महिन्याभराने पुन्हा रिपोर्ट काढा. 

रद्द करण्याचं पत्र

फोनवर रद्द केलेलं कधीच रद्द होत नाही. ईमेल पाठवा, तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, आणि फर्मच्या बिलावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह धाडा. (रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, जुने नमुने उतरवून घेताना ‘आर.पी.ए.डी.’ हा शब्द बदला.)

मजकुरात एवढं हवं: पैसे भरल्याची तारीख, रक्कम, यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक, काय काम, किती दिवसांत करण्याचं कबूल केलं होतं, त्यापैकी काय झालं नाही, आजपासून माझ्या वतीने कोणत्याही संस्थेकडे अर्ज करू नये आणि माझे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट वापरू नये, ही स्पष्ट सूचना, झालेल्या कामाचा पुराव्यासह तपशील द्या, नाहीतर पूर्ण रक्कम 15 दिवसांत या खात्यावर जमा करा. एवढंच. शिव्याशाप, पोलिसांची धमकी, सोशल मीडियाचा इशारा काही नको. हाच कागद पुढे ग्राहक आयोगापुढे वाचला जाणार आहे.

कारण लिहिताना जपा. बऱ्याच फर्म रद्दीकरणाचा स्वतःचा फॉर्म पाठवतात, त्यात कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक कारण’ आधीच भरलेलं असतं. त्यावर सही केलीत की काम न झाल्याचा मुद्दा तुम्हीच सोडून दिला. उशीर हे कारण असेल तर उशीरच लिहा, तारखांसह. फॉर्म भरणं टाळता येत नसेल, तर ‘माझ्या अमुक तारखेच्या ईमेलमधील कारणांसाठी’ असं हाताने लिहून सही करा.

व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात ज्या उपकरणातून माहिती घेतली त्याचा तपशील येतो.

‘जीएसटी सरकारला गेला’

10,000 फी आणि 18 टक्के जीएसटी 1,800, म्हणजे 11,800 भरलेत. परतीच्या वेळी एजंट सांगतो, की 1,800 तर गेलेच, उरलेल्यातून प्रोसेसिंग कापून सहा हजार देतो. पहिलं अर्धं वाक्यच चूक आहे. नुसता आगाऊ पैसा घेतला आणि सेवा दिलीच नाही, तर रिफंड व्हाउचर काढता येतं. बिल काढलं असेल तर क्रेडिट नोट काढून त्याला आपलं कर-दायित्व कमी करता येतं. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. पाच हजारांची फी परत होत असेल तर तिच्यावरचे 900ही परत व्हायला हवेत.

जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये बिलावरचा क्रमांक टाकून पाहा. क्रमांक रद्द झालेला किंवा भलत्याच नावाचा निघाला, तर नोंदणी नसताना कर गोळा करायला जीएसटी कायद्याचं कलम 32 मनाई करतं, एवढं एक वाक्य पुढच्या ईमेलमध्ये लिहा. ‘मॅनेजरशी बोलून सांगतो’चा सूर बदलायला ते बहुधा पुरतं.

चेक आणि मॅन्डेट

सक्सेस फीची हमी म्हणून सही केलेले कोरे चेक घेण्याची पद्धत अजून आहे. रद्द करताना ते चेक क्रमांकासह परत मागा आणि बँकेत स्टॉप पेमेंट द्या. पण स्टॉप पेमेंट म्हणजे सुटका नव्हे. त्यानंतर चेक वटला नाही तरी परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली नोटीस येऊ शकते, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला 15 दिवस असतात. देणंच नव्हतं हे दाखवायला रद्दीकरणाचं पत्र चेक भरल्याच्या तारखेच्या आधीचं असावं लागतं. नोटीस आलीच तर त्याच 15 दिवसांत वकिलाकडून उत्तर द्या. या एका ठिकाणी वकिलाचा खर्च वाचवू नका.

यूपीआय ऑटोपे अ‍ॅपमधून स्वतः बंद करता येतो. ई-नॅच मॅन्डेट (खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) बँकेच्या नेट बँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन. एजंटाला ‘बंद करा’ सांगून वाट पाहू नका.

तक्रारीच्या जागा, गुणांसह

कार्डने पैसे भरले असतील तर चार्जबॅक: पाचपैकी चार. कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही, रद्द केली, परतावा नाही’ या कारणाखाली डिस्प्यूट टाकायचा, सोबत रद्दीकरणाचा ईमेल जोडायचा. मुदत मर्यादित असते, म्हणून एजंटाच्या ‘पुढच्या आठवड्यात’वर ती घालवू नका. यूपीआयने व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांसाठी मात्र हा रस्ता जवळपास बंद; तुम्ही स्वतः पिन टाकून मंजूर केलेला व्यवहार बँक उलटवत नाही.

बँकेचा तक्रार विभाग आणि मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल: एजंट डीएसए किंवा अ‍ॅप असेल तर चार, स्वतंत्र कन्सल्टंट असेल तर शून्य. लोकपालाकडे फक्त नियंत्रित संस्थांविरुद्ध तक्रार चालते. तेव्हा तक्रारीच्या मथळ्यात एजंटाचं नव्हे, बँकेचं नाव हवं: ‘तुमच्या डीएसएने माझ्याकडून अनधिकृत फी घेतली.’ आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर. चौकशीसाठी 14448. फी नाही, वकील लागत नाही. कर्ज मंजूर होऊन तुम्ही ‘की फॅक्ट स्टेटमेंट’वर, म्हणजे कर्जाचे आकार आणि अटी एकत्र मांडणाऱ्या कागदावर सही केली असेल, तर ते बारकाईने वाचा. 1 ऑक्टोबर 2024पासूनच्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे, आणि त्यात न दाखवलेला आकार कर्ज देणाऱ्या संस्थेला तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. डिजिटल कर्ज वितरणानंतर सोडायचं असेल, तर कूलिंग-ऑफची, म्हणजे कर्ज परत करून बाहेर पडण्याची मुदतही त्यातच असते. तेवढ्यात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं; एकदाच लागणारी वाजवी प्रोसेसिंग फी संस्था ठेवू शकते, तीही आधी लिहिलेली असेल तरच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915: अडीच. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक लगेच मिळतो, मोठ्या नावाच्या कंपन्या उत्तर देतात. दोन खोल्यांचं ऑफिस असलेली फर्म ढुंकून पाहत नाही, आणि आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही. तरीही नोंदवा, पुढे दाखवायला क्रमांक उपयोगी येतो.

जिल्हा ग्राहक आयोग: साडेतीन. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी शून्य, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून, आणि तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात. एजंटाच्या गावी जावं लागत नाही, हे सर्वात मोठं सुख. मुदत दोन वर्षं. विरुद्ध पक्षाला लेखी म्हणणं मांडायला 30 आणि फार तर आणखी 15 दिवस. कायद्यात निकालासाठी तीन महिने धरले आहेत. प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात, म्हणून दीड गुण कापला. दोन खाचा लक्षात घ्या. ‘करारच अन्यायकारक आहे’ हा दावा जिल्हा आयोग ऐकत नाही, तो राज्य आयोगाचा विषय. जिल्ह्यात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ याच शब्दांत मांडा. आणि कर्ज धंद्यासाठी असेल, तर एजंट ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप घेणार. स्वयंरोजगारातून उपजीविका चालवणारा माणूस त्यातून सुटतो, पण तसं तक्रारीत सुरुवातीलाच लिहावं लागतं.

पोलीस: खोटं मंजुरीपत्र, बनावट शिक्का किंवा मुळात कामच करायचं नव्हतं असा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318, फसवणूक. नुसत्या उशिरासाठी गेलात तर ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही.

तडजोडीचा कागद

आयोगाची नोटीस पोचली की एजंटांपैकी बरेच जण पैसे द्यायला तयार होतात. त्यावेळी येणारा ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’चा कागद पाहा. त्यात रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, देण्याचा मार्ग, तारीख, कोऱ्या चेकचे क्रमांक आणि ते परत केल्याचा उल्लेख, कागदपत्रांच्या प्रती नष्ट केल्याचं लेखी आणि यापुढे कोणतीही फी मागणार नाही हे वाक्य असलं पाहिजे. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे टाकतो’ हा क्रम स्वीकारू नका. चेक दिला तर तो खात्यात जमा झाल्याचं स्टेटमेंट हाती येईपर्यंत तक्रार चालू ठेवा. पुढच्या तारखेला दोघांनी मिळून तडजोड आयोगापुढे नोंदवली, तर चेक परत आला तरी त्याच आदेशावर वसुलीचा अर्ज करता येतो.